मातामायपाशी अडणारी फटफटी

मी देव मानत नाही, हे मी आयुष्यभर इतक्या मोठ्यानं सांगत आलो, की असलाच तर त्याच्याही कानावर गेलं असेल. घरचे म्हणतात, आता म्हातारपणी तरी तोंड आवरा. तोंड मी जन्मात एकदाच आवरलं. एका मंगळवारी, आणि तेही एका फटफटीपायी.

लढाईचे दिवस होते. मंगरूळपीरला मी देवी डॉक्टर होतो. डॉक्टर नुसतं म्हणायचं. पदवी नाही, काही नाही. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. एक सुई, काचेच्या बारीक नळ्यांतली लस आणि एक जाडजूड रजिस्टर, एवढा माझा दवाखाना. मी गावात शिरलो की बाया पोरं उचलून कणगीमागं, कडब्याच्या गंजीत, जिथं जमेल तिथं लपवायच्या. स्वागताला तेवढी कुत्री यायची.

आमच्याकडं देवीच्या रोगाला रोग म्हणत नसत. अंगावर फोड उठले की ‘माता आली’ म्हणायचं. रोग म्हटलं तर ती रागावते. जी पोरांचे डोळे घेऊन जाते तिला वरून राग कसला येतो, असं मी चारचौघांत विचारायचो. बाया तोंडाला पदर लावायच्या आणि माझ्या तोंडात किडे पडोत असं मनात म्हणायच्या. पडले नाहीत, हे सांगून ठेवतो.

माझा डावा गुडघा लहानपणीच एका बैलानं कामातून घालवला होता. सायकल जमत नसे, आणि पायी दोन मैल गेलो की दोन दिवस अंथरूण. गावातल्या एका बड्या शेतमालकाकडं आधीच्या लढाईच्या वेळची फटफटी गोठ्यात पडून होती. त्यांच्या तिन्ही पोरांनी ती चालवून पाहिली, तिघंही आळीपाळीनं आपटले, मग तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. सरकारी कामाला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ती मला देऊन टाकली, ठेवायला गोठाही तोच दिला. देताना ते इतके खुश होते, की मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

एकच सिलिंडर, टाकीच्या बगलेला हातानं ओढायचा गिअर, आणि टाकीवर पितळेचं झाकण. पण माझ्या हाताखाली ती बरी चालू लागली. पेट्रोल कुपनावर मिळायचं, तेही मोजून मापून. झाकणातून पेट्रोलचा वास यायचा तर माझा जीव जळायचा. सरकारचं पेट्रोल हवेत उडून राह्यलं आणि मी नुसता पाहून राह्यलो! म्हणून चांभाराकडून चामड्याच्या चकतीचं जाड वायसर कापून घेतलं आणि झाकणाखाली बसवलं. वास बंद. मी स्वतःवर फार खुश झालो. मग दसरा आला. दवाखान्यात कात्र्या-चिमट्यांची पूजा झाली, मी नेहमीप्रमाणं सगळ्यांची टर उडवली. आणि दिवाळीनंतर टोचणीचा हंगाम सुरू झाला.

आता माझ्या बहिणीचं सांगायला पाहिजे, कारण ही सगळी भानगड तिच्यासाठीच आहे. ती माझ्याहून धाकटी. तीन मैलांवरच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी दिलेली. तिचा पहिला मुलगा मातेत गेला होता. डोळे आधी गेले, मग तो गेला. दुसरी मुलगी, तीन वर्षांची, अजून टोचलेली नव्हती. देवी डॉक्टरची सख्खी भाची, आणि तिच्याच दंडावर वण नाही! मला कचेरीत तोंड दाखवायची लाज वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. त्या वर्षी पलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर दोन पोरांना माता आली होती, आणि तांडा बहिणीच्या गावापासून हाकेच्या अंतरावर होता.

अडून बसली होती बहिणीची सासू. बाई मोठी कर्तबगार. नवरा लवकर गेला, हिनं एकटीनं शेत राखलं. सगळं गाव तिच्या दाराकडं पाहून चालायचं. तिनं ज्वारी पेरली की गाव ज्वारी पेरायचं. ती म्हणायची, मातेच्या मर्जीशिवाय मातेच्या लेकराले सुई लावायची नाही. तिनं नात बाहेर काढली असती तर सारं गाव पोरं घेऊन आलं असतं. ती काढत नव्हती.

पहिल्या मंगळवारी मी सकाळी टाकी गळ्यापर्यंत भरली, लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि निघालो. फटफटी मस्त चालली. अडीच मैल झाले. गावाच्या अलीकडं अर्ध्या मैलावर, निंबाखाली, मातामायचा ओटा आहे. शेंदूर फासलेले पाच-सात दगड, दुसरं काही नाही. बरोबर त्या ओट्यासमोर फटफटीनं दोन आचके दिले, खोकली, आणि बंद.

मंगळवार म्हणजे मातेचा वार. ओट्यावर पाणी घालायला पाच-पंचवीस बाया आलेल्या. चार-दोन गडी बिड्या ओढत बसलेले. सगळे उठून माझ्याभोवती.

‘थांबवलं मातेनं,’ एकजण म्हणाली.

‘मातेनं नाई, मशिनीनं,’ मी म्हटलं.

‘मशिनीले कोण सांगतलं, इथंच थांब म्हून?’

मी किक मारली. दहा मारल्या, वीस मारल्या. उजवा पायही डाव्याच्या पंगतीला बसायची वेळ आली. झाकण काढून पेट्रोल पाहावं म्हटलं, पण भोवती सगळे पेटत्या बिड्या घेऊन वाकलेले. माझ्यासकट सगळे जळून कोळसा झाले असते, आणि त्याचंही श्रेय मातेलाच गेलं असतं. झाकणाला हात लावला नाही.

तेवढ्यात एका म्हातारीनं ताटातलं हळदकुंकू घेतलं, फटफटीच्या चाकावर शिंपडलं, दिव्याला लावलं, आणि टाकीच्या पितळी झाकणावर चांगलं ओलं कुंकू थापलं. ते चकाकत होतं म्हणून तिला ते कपाळ वाटलं असणार. नारळ फुटला. खोबरं वाटलं. मलाही दिलं, मीही खाल्लं. भूक लागली होती. मग म्हातारी म्हणाली, ‘मार आता लात.’

एका लाथेत सुरू! काय सांगू तुम्हाला, मला त्या फटफटीला लाथ नाही, चप्पल मारावीशी वाटली.

गावात पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. सासूबाई दारात उभ्या. मी म्हटलं, ‘मावशी, पाहा, आलो की नाही? मातेनं येऊ दिलं.’

‘तुले येऊ देल्लं, भाऊ. तुह्या सुईले नाई. थांबवलं काहून मंग?’

चहा दिला, गूळ घालून, चांगला पेलाभर. नात मात्र माजघरात कोंडलेली. तिचं रडणं ऐकत मी चहा प्यालो आणि परत फिरलो. परतताना मंगरूळच्या अलीकडच्या उतारावर फटफटीनं पुन्हा आचके दिले, पण उतार होता, घरंगळत घरी आलो. त्या आचक्यांकडं मी लक्षच दिलं नाही. तिथं देऊळ नव्हतं ना.

आता फटफटीचं दुखणं शोधणं आलं. कारंजाच्या एका जिनिंगमधला मिस्त्री आमच्या गावी दर आठवड्याला यायचा. तेलाच्या मोठ्या इंजिनावर त्याचा हात बसलेला, आणि बोलणं असं की इंजिनही त्याच्याकडूनच शिकून आलं. त्यानं फटफटीभोवती दोन चकरा मारल्या, तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात केली आणि विचारलं, ‘खोकते का?’

‘खोकते.’

‘कवा?’

‘मरायच्या आधी.’

‘बराबर हाय.’

त्यानं ठिणगी पाडणारा पलग काढला. पलगचं टोक पांढरंफटक. ‘पेट्रोल पोचून नाई राह्यलं,’ तो म्हणाला. ‘भुकी हाय थे.’ इथंवर तो शंभर टक्के बरोबर होता. त्यानंतर तो जे जे बोलला ते सगळं चुकलं. त्यानं कार्बोरेटर खोलला, त्यातलं बारीक पितळी जेट डोळ्याला लावून सूर्याकडं पाहिलं, फुंकलं, पुन्हा पाहिलं. ‘कचरा होता,’ म्हणाला. मला काही दिसला नाही. पण मिस्त्रीला दिसलेला कचरा आपल्याला दिसत नाही, हा नियमच आहे. मग आम्ही फटफटी दवाखान्याच्या आवारात फिरवली. दहा फेऱ्या, ठणठणीत. मिस्त्री म्हणाला, ‘जाय आता मुंबईले.’

मुंबई कसली, दुसऱ्या मंगळवारी ती मातामायच्या ओट्यापर्यंतच गेली. तीच जागा. वीस पावलं इकडं नाही की तिकडं नाही. ह्या खेपेला बाया वाटच पाहत होत्या. ताट तयार, नारळ तयार. झाकणावर कुंकवाचा दुसरा थर बसला. मी आपला दगडावर बसून खोबरं चावत होतो, आणि चावता चावता मातेपासून मिस्त्रीपर्यंत सगळ्यांना शिव्या देत होतो. बिडी ओढून होईल एवढा वेळ गेला. लाथ मारली. सुरू.

मिस्त्रीनं आता पेट्रोलवर संशय घेतला. ‘लढाईचं पेट्रोल हाय भाऊ. घासलेट मिळवते कोणी.’ मी म्हटलं, घासलेट असतं तर पलग काळा पडला असता, हा पांढरा आहे. तो माझ्याकडं असा पाहू लागला, जसा मी एखाद्या आईकडं पाहतो, जी मला लस कशी टोचायची ते सांगते. तरी आम्ही सगळं पेट्रोल बादलीत ओतलं, बारीक कापडातून चारदा गाळलं. पाण्याचा एक थेंब निघाला नाही. तोटी खोलली, नळी फुंकली. सगळं साफ. टाकीला झाकण लावलं, कुंकवासकट. ते काढावं असं मला वाटलं, पण फडक्यानं वरवर पुसलं आणि राहिलं. मग मिस्त्री म्हणाला, ठिणगीला वीज देणारी मॅग्नेटो तापते, तिच्यावर ओलं फडकं बांध. बांधलं. माझी लस आणि त्याची मॅग्नेटो, दोन्ही ओल्या फडक्यात.

तिसरा मंगळवार. लिहायचीही लाज वाटते. तिथंच.

ह्या खेपेला ओट्यावर माझी बहीण होती. मुलीला घेऊन नव्हे, एकटीच. डोक्यावर पाण्याची घागर. बायांनी फटफटीला पाणी घातलं, कुंकू थापलं, आणि त्या हसत होत्या. वाईट हसत नव्हत्या, उलट प्रेमानंच, आपल्या घरच्या येड्याला हसावं तसं. बहीण हसत नव्हती. बाया पांगल्यावर ती जवळ आली.

‘दादा, तांड्यावरचं तिसरं पोरगं गेलं काल.’

मी उगाच फटफटीवरचं पाणी पुसू लागलो.

‘तू इथं येऊन बंद पडतं, अन् तिकडे सासूबाई म्हणतात पाहा, मातेले नाई पायजे. तू पायी काहून नाई येत? रांगत काहून नाई येत? हे डबडं कायले आणतं?’

मी म्हटलं, ‘पायी आलो तरी म्हणतील, फटफटीनं थांबवलं म्हणून पायी आला. आता गोष्ट फटफटीवरच जाऊन बसली.’

‘मंग चोरून टोच. म्या वावरात घेऊन येतो तिले.’

मला तोच विचार आठ दिवस छळत होता. पण टोचलं की फोड येतो, खपली धरते, महिनाभर दंडावर दिसते. ताप येतो. सासूला दिसलं असतं, आणि त्यात मुलीला काही कमीजास्त झालं असतं तर बहिणीला त्या घरात राहता आलं नसतं. हे तिलाही माहीत होतं. तिनं घागर खाली ठेवली आणि रस्त्यावरच बसली. ‘दादा, मले लय भेव वाटते,’ एवढंच म्हणाली. मलाही भीती वाटत होती. मी तिला सांगितलं नाही. तेवढा मोठा भाऊ मी होतो.

त्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. अंगणात, सगळ्यांसमोर.

‘भाऊ, तीनदा झालं. आता पुढच्या मंगयवारी कौल लावू. तुही गाडी मातामायच्या ओट्यासमोरून न थांबता आली, त समजू मातेनं हो म्हटलं. म्या सोता नातीले अंगणात आणतो, सबन गावाले आणाले लावतो. थांबली, त मंग ह्या गावात सुई घेऊन पाय ठेवू नको.’

आता तुम्हीच सांगा. सरकारी हुकूम माझ्या खिशात, लस माझ्या पिशवीत, आणि एका लेकराचा जीव एका भंगार फटफटीच्या पोटदुखीवर टांगलेला. मी घरी येऊन भिंतीवर मूठ आपटली. भिंतीला काही झालं नाही.

सोमवारी सकाळी मी गोठ्यात फटफटीसमोर बसलो होतो. मिस्त्री त्या आठवड्यात यायचा नव्हता, ते एक बरं झालं. बसल्या बसल्या मला एक साधी गोष्ट सुचली, आणि ती पहिल्या दिवशी सुचली नाही म्हणून आजही मला माझीच लाज वाटते. मातामायचा ओटा ह्या एका रस्त्यावर आहे. दुसऱ्या रस्त्यावर फटफटी काय करते? तोवर मी ती दुसरीकडं लांब नेलीच नव्हती. बाकीची माझी गावं दीड-दोन मैलांच्या आतली, आणि उगाच फिरवायला पेट्रोल कुठं होतं? त्या सोमवारी मी मंगळवारची टाकी आदल्या दिवशीच भरली आणि कारंजाच्या रस्त्यानं निघालो. उद्या पुरलं नाही तर ढकलत नेईन म्हटलं.

अडीच मैलांच्या थोडं पुढं गेलो. दोन आचके, एक खोकला, बंद. समोर काय होतं? गुरांचा कोंडवाडा. आत दोन उपाशी वळू आणि एक गाढव. म्हणजे मातेनं थांबवलं असेल तर ती कोंडवाड्यातही राहत होती! मी त्या गाढवासमोर उभा राहून इतका हसलो, की राखणदार उठून आत गेला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बिडी नाही, नारळ नाही, ताट नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी बंद पडलेल्या फटफटीचं झाकण लगेच फिरवलं. ते सहज फिरेना. जोर लावला, आणि ते सैल होताच टाकीनं आत श्वास ओढला. ‘सूंऽऽ’ असा, चांगला लांब. मी झाकण हातात घेऊन तसाच उभा. मग लाथ मारली. पहिल्याच लाथेत सुरू, आणि झाकण उघडं ठेवून ती फटफटत राहिली, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

तेव्हा झाकण उलटं करून पाहिलं. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जातं तसं त्या भोकातून वरून हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीतलं पेट्रोल वरच अडकतं, खाली उतरत नाही. पूर्वी झाकण सैल होतं, भोक बुजलं तरी कडेनं हवा जायची. मी चामड्याचं वायसर लावून ती वाट बंद केली. गळ्यापर्यंत भरलेली टाकी, मोजून अडीच मैल, आणि श्वास कोंडला. नारळ फोडून खोबरं खाईपर्यंत कुठून तरी थोडीशी हवा झिरपायची, की पुन्हा सुरू. सगळं समजलं. आवारातल्या दहा फेऱ्या, मंगरूळच्या उतारावरचे आचके, पांढरा पलग, सगळं.

आणि भोक बुजवलं होतं कुंकवानं. बायांच्या. मी तोंडभरून शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि नख लावून कुंकू खरवडलं. कुंकू वरवरचं, वाळून पापडी झालेलं, सहज निघालं. त्याच्याखाली दुसरा थर होता. तेलात कालवलेला शेंदूर, घट्ट, भोकात पार रुतून बसलेला. बाया शेंदूर आणत नव्हत्या, हळदकुंकू आणत होत्या.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही. दसऱ्याला दवाखान्यातली पूजा आटोपली, सगळे गेले, माझी सगळ्यांची टर उडवून झाली होती. मग मी गोठ्यात गेलो. मला त्या फटफटीची भीती वाटायची. तीन तरणे गडी तिनं आपटले होते, आणि माझा एकच गुडघा धड होता. पूजेतली शेंदराची वाटी उरली होती. इकडं तिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. झाकणाला कपाळ समजून चांगला बोटभर शेंदूर मी लावला, दाबून लावला, आणि ‘मला पाडू नको बाई,’ असंही म्हटलं. कोणी पाहिलं नाही, म्हणजे मी ते केलंच नाही, असं मी धरून चाललो होतो.

कोंडवाड्यासमोर उभं राहून मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. मग पिशवीतून टोचायची एक जुनी सुई काढली आणि भोक मोकळं केलं. शेंदराची बारीक कांडी बाहेर आली. फुंकून पाहिलं, वारा आरपार.

मंगळवारी निघालो. आता तुम्हाला वाटेल, मी छाती काढून गेलो असेन. कारण समजलेलं, भोक मोकळं, सोमवारी परत येताना एकदाही बंद पडली नव्हती. पण दोन मैल झाले आणि मी सारखा झाकणाकडं पाहू लागलो. निंब दिसू लागला. ओट्यावर सगळं गाव. गडी, बाया, पोरं कडेवर. सासूबाई पुढं, बहीण त्यांच्या मागं. मी गिअरवरचा हात काढला नाही, आणि माझ्या तोंडातून, शप्पथ सांगतो, आपोआप निघालं, ‘जाऊ दे माय.’ फटफटीच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. मी ऐकलं.

फटफटी ओट्यासमोरून फटफटत गेली. आचका नाही, खोकला नाही. मागं एकदम गलका झाला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा सगळं मुसळ केरात. थेट बहिणीच्या अंगणात जाऊन उतरलो. टाकीला धरून उभा राहिलो.

थोड्या वेळानं गाव आलं, धुळीचा लोट घेऊन. सासूबाई दम लागलेल्या, पण चेहरा उजळलेला. ‘देल्ला कौल मातेनं!’ त्या म्हणाल्या. ‘पाह्यलं सबनानं. हो म्हटलं मातेनं.’

आणि इथं माझं तोंड उघडलं. जन्माची खोड. मला सांगायचं होतं. मातेनं नाही, भोकानं! झाकण काढून दाखवायचं होतं, सुई दाखवायची होती, कोंडवाड्यातलं गाढव सांगायचं होतं. ‘मावशी, मातेचा काही...’ इतकं बोललोसुद्धा.

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. ती मला लहानपणापासून ओळखते. कडेवर मुलगी घेऊन ती माझ्यापाशी आली आणि दातावर दात ठेवून म्हणाली, ‘दादा, चूप राय. तुले माही आन हाय, आज चूप राय.’

‘काय म्हणत होता भाऊ?’ सासूबाईंनी विचारलं.

‘मातेचा काही भरवसा नाही, म्हणत होतो,’ मी म्हटलं. ‘लवकर टोचून घेऊ.’

‘थे त खरंच हाय,’ सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं नातीच्या झबल्याची बाही वर केली. मी सुई दोनदा पुसली. हजारो दंड टोचले होते, हा एकच दंड असा होता. मुलीनं असा सूर लावला की कुत्री पळाली. बहीण हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी रजिस्टरात भाचीचं नाव लिहिलं, आणि लिहिताना मला पुसट दिसत होतं. धूळ होती अंगणात, असं मी तेव्हा सांगितलं. धूळ नव्हती.

वळून पाहतो तर सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन फटफटीकडं निघालेल्या. बोट ओलं केलेलं. फटफटीनं मातेचं ऐकलं, तिचा मान करायला पाहिजे ना. बोट झाकणापासून वीतभर राहिलं होतं.

‘मावशी!’ मी ओरडलो. ‘तिथं नको!’

सासूबाईंचं बोट तसंच हवेत. ‘काहून? मंग कोठी लावू?’

बहीण माझ्याकडं पाहत होती. आता खरं सांगितलं तर कौल गेला, आणि लावू दिलं तर पुढच्या मंगळवारी मी पुन्हा निंबाखाली. अंगणाच्या फाटकापाशी बाया पोरं घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी लंगडत गेलो, सासूबाई आणि टाकीच्या मधे उभा राहिलो, टोपी काढली आणि मान खाली घातली.

‘इथं लावा.’

त्यांनी लावलं, दाबून, चांगलं बोटभर. मागून कोणीतरी म्हणालं, ‘देवी डॉक्टर सुधरला बापा!’ सगळं अंगण हसलं. मी सुई उचलली. पहिल्या बाईनं पोरगं पुढं केलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. दिवस कलेपर्यंत कपाळ पुसायला हात मोकळा झाला नाही.